माणशी तीन मिनिटं

"साहेब, भिंत कुणी पुसली?"

सकाळचे सात वाजले होते. गेटवर हाऊसिंग सोसायटीचे चेअरमन अण्णा उभे होते आणि त्यांच्या मागे अकरा घरांतली माणसं, हातात रिकामे हंडे घेऊन.

"पुसली नाही, रंगवली," मी म्हणालो. "प्रायमर मारून दोन हात दिलेत."

"त्येच इचारतोय. कावून रंगवली?"

मला प्रश्न कळेना. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. बीडमधल्या दोन-तीन पतसंस्थांच्या पॅनेलवर व्हॅल्युअर आहे. म्हणजे कर्ज देण्याआधी संस्था मला घर दाखवते आणि ते किती किमतीचं आहे हे मी कागदावर लिहून देतो. त्याला जोडून आणखी एक काम करतो. कुणाला घर विकायचं असेल तर ते विकायला तयार करून देतो. ओल, भेगा, वायरिंग, रंग, कागदपत्रं. शहरात याला मोठं नाव असेल, आमच्याकडे लोक नुसतं म्हणतात, "साहेब, घर जरा बघण्यासारखं करून द्या."

या कामाचा पहिला नियम असा की जे घराचं नाही ते सगळं हलवायचं. गिऱ्हाइकाला मोकळी जागा दिसली पाहिजे.

हे घर सिस्टरचं होतं. सुमनताई सिव्हिल हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, पण गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. लातूरच्या लेकीला मुलगी झाली होती. लेकीची रजा महिनाभरात संपणार होती आणि नातीला सांभाळायला सिस्टर हव्या होत्या. तेवढ्यात घर विकायचं होतं. मी सुचवलं होतं की कुलूप लावून जा, सावकाश विकू. त्या म्हणाल्या, "कुलूप लावून चालणार नाही. राहणारं माणूस बघा." एकट्या बाईला रिकाम्या घराची काळजी असते, असा मी त्याचा अर्थ घेतला.

किल्ली माझ्याकडे देऊन त्या तीन दिवसांसाठी लातूरला गेल्या आणि मी कामाला लागलो. अंगणात बोअरच्या तोंडापासून कंपाउंडवरून अकरा रबरी पाइप निरनिराळ्या दिशांना गेले होते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. दिसायला अतिशय वाईट. ते गुंडाळून गच्चीवर ठेवले. कंपाउंडच्या आतल्या बाजूला भिंतीवर गेरूने काहीबाही लिहिलेलं होतं, नावं आणि आकडे. दूधवाल्याचा हिशोब असेल असं समजून पेंटरला म्हणालो, हेही घ्या.

तो दूधवाल्याचा हिशोब नव्हता. त्या उन्हाळ्यात बिंदुसरेच्या धरणाचा तळ पालीच्या रस्त्यावरून दिसत होता. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं, टँकर कधी यायचा ते टँकरवाल्यालाच ठाऊक. गल्लीतले बाकीचे बोअर आटले होते. सिस्टरचा चालू होता. दिवसाआड सकाळी मोटार लागायची आणि बारा घरं त्यावर जगायची. कुणाला किती मिनिटं, ते भिंतीवर होतं. ते मी दोन हात देऊन बुजवलं होतं.

"पाइप काढले, भिंत पुसली," अण्णा म्हणाले. "म्हंजी पाणी बंद. आमाला कळतंय की सरळ."

"अण्णा, तसं काही नाही. माझी चूक झाली."

"मग आमचंबी ऐका. घर इकायला सोसायटीचं ना हरकत लागतं का न्हाई?"

"लागतं." सहकारी सोसायटीतलं घर विकताना संस्था लिहून देते की आमची काही हरकत नाही. तो कागद नसेल तर खरेदीदाराला पतसंस्था कर्जच देत नाही.

"तर आमची हरकत हाय," अण्णा म्हणाले आणि मागे वळून विचारलं, "हाय का न्हाई रे?"

हाय, असं अकरा घरं एका सुरात म्हणाली.

मी गच्चीवरून पाइप खाली आणले. चिंध्यांवरून ज्याचा त्याने ओळखून घेतला. शेजारच्या रेखाताईंकडे मोटारीच्या पेटीची किल्ली असायची. त्या म्हणाल्या, "भिंत गेली तर गेली, ज्याची त्याची मिनिटं ज्याला त्याला म्हाईत असतील की."

मला ही सूचना पटली. वही काढून मी एकेकाला विचारलं. प्रत्येकाने अगदी खात्रीने आकडा सांगितला. बेरीज आली दोनशे पंचेचाळीस मिनिटं. रेखाताईंना विचारलं, मोटार एकंदर किती वेळ पाणी ओढते? तीन तास. म्हणजे एकशे ऐंशी. त्यातही सिस्टरचा स्वतःचा वाटा होता.

"कुणीतरी चुकतंय," मी म्हणालो.

"कुणीतरी कशाला, समदेच चुकत्यात," शेखचाचा म्हणाले. ते आरटीओ ऑफिसातून निवृत्त झालेले, गल्लीत सगळ्यात वयस्कर. "मी सोता पाच मिनिटं जादा सांगितली. मला वाटलं बाकीचे खरं बोलतील."

सगळे हसले. माझ्यावरचा राग तिथे निम्मा उतरला असावा. त्या दिवशी मी घड्याळ हातात धरून प्रत्येकाला सरसकट पंधरा मिनिटं दिली. लहान कुटुंबं खूष झाली, मोठी चिडली, आणि मला पाण्याच्या टाकीवरचा सरकारी माणूस म्हणून नवीन ओळख मिळाली.

सिस्टरना फोन केला. झालेला प्रकार सांगितला. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"तुमच्या लक्षात आहेत का आकडे?" मी विचारलं.

"भिंतीवर होते ना. डोक्यात कशाला ठेवू?"

"मग आता काय करायचं?"

"आकडे नाहीत, पण डोस लक्षात आहे. माणशी तीन मिनिटं. घरातली माणसं मोजा अन् तिनानं गुणा. गुटगुटीत असो का हडकुळा, माणूस म्हणजे एक."

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि आम्ही दोघं घरोघर माणसं मोजत फिरलो. जनगणनेला मला एवढा चहा कुणी दिला नसता. एका घरात सून म्हणाली, आठ. दिसत होते सात.

"आठवं कोण?" सिस्टरनी विचारलं.

"नणंद. अंबाजोगाईची."

"ती कधी आली?"

"यायचीय. बाळंतपणाला."

"आली की तीन मिनिटं वाढवू. बाळाची पण तीन."

अकरा घरांत एकोणसाठ माणसं भरली. सिस्टर धरून साठ. साठ गुणिले तीन, एकशे ऐंशी. मी आयुष्यात बरीच अंदाजपत्रकं केली आहेत, पण इतकी बिनशेष जुळलेली बेरीज मला आठवत नाही. म्हणजे बोअरच्या मालकिणीला तीन मिनिटं मिळत होती. आणि तीही शेवटची.

"तुमचा नंबर शेवटी का?" मी विचारलं.

"शेवटी असलं की कळतं ना, पाणी सगळ्यांना पुरलं का नाही."

घराला कुलूप का चालणार नव्हतं, ते मला तेव्हा समजलं. पेटीची किल्ली रेखाताईंकडे असली तरी मोटारीचं मेन स्विच घरात होतं, तेच कुलपात जाणार होतं.

रविवार पाण्याचा दिवस होता. खरेदीदाराला मी अकरा वाजता बोलावलं होतं, तोवर पाणी संपून अंगण झाडून होईल या हिशोबाने. माणसं साडेसातलाच आली. गणेश, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, मूळ लिंबागणेशचा. सोबत बायको, मीराबाई. अंगणात पाइपांचं जाळं, मोटारीचा आवाज, आणि रेखाताई कुणाला तरी सांगत होत्या, "दोन मिनिटं वर झाली, काढ बे पाइप." मी कपाळाला हात लावला.

गणेशने रंगवलेल्या भिंतीकडे पाहिलंच नाही. तो सरळ बोअरकडे गेला.

"हे रोजचं हाय का?"

"दिवसाआड," अण्णा म्हणाले. "तीन तास."

"खरंच तीन तास चालतंय?"

"चालत नसतं तर आमी भांडलो असतो का?"

गणेशने बायकोकडे बघितलं. मग मला म्हणाला, "साहेब, तीन घरं बघून आलो. समदीकडं सांगायचे, बोअरला लई पाणी हाय. बोअरात खडा टाकला, पाण्याचा आवाजच न्हाई. हितं खडा टाकायची गरज न्हाई."

मी एक टिपाड बोअरच्या पाइपाखाली लावून घड्याळ धरलं. दोनशे लिटरचं टिपाड चार मिनिटांत भरलं. मिनिटाला पन्नास लिटर. त्या वर्षी बीडमध्ये हा आकडा मोठा होता. जे लपवायला मी गच्चीवर नेलं होतं, त्यानेच घर विकलं जात होतं. पण अजून विकलं गेलं नव्हतं.

"घर घ्या तुमी," अण्णा म्हणाले. "पण आल्यावर आमचं काय, ते आधी सांगा. न्हाईतर ना हरकत मिळणार न्हाई. सिस्टर, तुमी रागावू नका."

"मी कशाला रागावू," सिस्टर म्हणाल्या. "मी पण तेच विचारणार होते."

मीराबाई पुढे झाल्या.

"मालकाचा नंबर कितवा असतो?"

"शेवटचा," सिस्टर म्हणाल्या. "माणशी तीन मिनिटं. मी एकटी, म्हणून तीनच."

"शेवटी न्हाई जमायचं. सासूबाईला सकाळी सातला आंघोळ लागती, घड्याळ चुकंल पण त्या न्हाई. मला पैला नंबर द्या. आन आमी सहा माणसं. आमाला सहाची मिनिटं पायजेत. बाकी हाय तसं चालू द्या, माझं काई न्हाई."

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सहा माणसांची अठरा मिनिटं. सिस्टरची होती तीन. पंधरा मिनिटं आणायची कुठून? एकजण म्हणाला, एवढं कसं परवडंल. दुसरा म्हणाला, आमाला कमी येणार मग.

"किती कमी येणार?" मी म्हणालो. "थांबा जरा."

आता प्रश्न माझ्या भाषेत आला होता. एकोणसाठ अधिक सहा, पासष्ट माणसं. एकशे ऐंशी मिनिटांची दहा हजार आठशे सेकंद. भागिले पासष्ट. एकशे सहासष्ट.

"आत्ता माणशी एकशे ऐंशी सेकंद मिळतात. मग एकशे सहासष्ट मिळतील. माणशी चौदा सेकंद कमी."

"चौदा सेकंद म्हंजी किती पाणी?"

"पावणेबारा लिटरच्या आत. बादली भरत नाही."

शेखचाचांनी बोटं मोजली. "एका बादलीपायी अण्णा, तुम्ही सिस्टरला अडवून बसलेत?"

"मी कशाला अडवतोय," अण्णा म्हणाले. "मी फक्त इचारलं."

सोसायटीची मीटिंग तिथेच झाली, मोटार बंद झाल्यावर, उलट्या हंड्यांवर बसून. खरेदीखतात पाण्याची अट घालू नका असं मी सांगितलं. जमिनीच्या कागदात अशी अट आली की पुढच्या पिढ्या कोर्टात जातात. त्याऐवजी सोसायटीच्या सभेच्या वहीत लिहिलं. बोअर मालकाचा, पाणी माणशी एकशे सहासष्ट सेकंद, मालकाचा नंबर पहिला. खाली बारा घरांच्या सह्या, शिवाय घर घेणाऱ्यांच्या. मीराबाईंनी गणेशच्या आधी केली. ना हरकत दुपारी टाइप होऊन आलं.

खरेदी महिना संपायच्या आत झाली. सिस्टर लातूरला गेल्या त्या दिवशी गल्लीने त्यांना दोन पिशव्या शेंगदाण्याची चटणी आणि एक टोपडं दिलं. टोपडं शिवणाऱ्या रेखाताईंनी बाळाचं माप विचारलं नव्हतं, ते नातीच्या कानांवरून खाली आलं असं नंतर कळलं.

नवीन वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी मला घड्याळ घेऊन बोलावलं होतं. पासष्ट गुणिले एकशे सहासष्ट, दहा हजार सातशे नव्वद. तीन तासांत दहा सेकंद उरत होती. ती कुणाच्या नावावर टाकायची यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी मीराबाई म्हणाल्या, गेटजवळच्या कडुनिंबाला द्या. त्यावर मात्र कुणाची हरकत आली नाही.

माझ्या व्हॅल्युएशनच्या फॉर्ममध्ये रंगासाठी रकाना आहे, फरशीसाठी आहे, खिडक्यांच्या ग्रिलसाठीही आहे. या घराच्या वेळी मी सगळे रकाने नीट भरले पण घर विकलं गेलं ते त्यातल्या एकामुळेही नाही. तेव्हापासून नवं घर हातात घेतलं की पहिल्या दिवशी मी काहीच हलवत नाही. शेजाऱ्यांकडे बसून चहा पितो आणि घरात कोण कशाला येतं ते मोजतो. पेंटरला दुसऱ्या दिवशी बोलावतो.