दात्याच्या फाइलमधला माझा कागद

एकतीस वर्षं मी मानसशास्त्र शिकवलं आणि त्यातली वीसेक वर्षं शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात आठवड्यातून तीन दुपारी बसले. या काळात मी माणसांवर चिडायला शिकले, हे आधीच सांगून टाकते. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी माझ्या शांत स्वभावाचं इतकं कौतुक केलं की मला हसू आवरेना. शांत मी फक्त पगारापुरती होते.

सकाळी कॉलेज असायचं. मानसशास्त्र सोपं असतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून पोरं तो विषय घेतात, आणि पहिल्या तासापासून परीक्षेला काय येणार एवढंच विचारतात. गोपनीयतेचा धडा मी दर वर्षी मन लावून शिकवायचे. समोरच्या माणसानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्या खोलीबाहेर जाता कामा नये, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि मागच्या बाकावर कुणाचं तरी मोडलेलं लग्न चघळणं चालू असायचं. त्यांच्यावर मी खडू फेकलेला आहे. आज नोकरीत असते तर तक्रार झाली असती.

दुपारी रुग्णालय. माझं संशोधन दीर्घ आजारावर होतं. म्हणजे किडन्या निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडला जातो, तेव्हा त्याच्या घरातल्यांचं काय होतं, यावर. त्यासाठी एक प्रश्नावली होती. गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा निराश वाटलं, असा त्यातला एक प्रश्न. तो विचारला की बाई नवऱ्याकडे बघायची आणि नवरा सांगायचा, ‘नाही वाटलं तिला.’ मी दातओठ खात रकान्यात शून्य भरायचे. अशा शून्यांवर मी दोन शोधनिबंध लिहिले आणि परिषदांमध्ये वाचून टाळ्या घेतल्या.

संशोधनासोबत रुग्णालयानं माझ्या गळ्यात आणखी एक काम घातलं होतं. घरातलं कुणी रुग्णाला किडनी देणार असेल, तर ते स्वखुशीनं देतंय की दबावाखाली, हे मी त्या माणसाशी एकांतात बोलून तपासायचं आणि दात्याच्या फाइलमध्ये एक कागद लावायचा. तो कागद नसेल तर प्रत्यारोपणाची समिती पुढं जात नसे. एकांतात बोलायचं, हे नियमात लिहायला सोपं. जुन्या एक्स-रेंनी भरलेल्या कपाटांमध्ये मला एक टेबल दिलं होतं, त्याभोवती सासर-माहेरची सहा माणसं उभी राहायची. तिला काय कळतं, आम्हाला विचारा, म्हणायची. बाहेर थांबा म्हटलं की दाराला कान लावून थांबायची.

मग मी एक युक्ती काढली होती. फाइल उघडायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि आधारकार्डाची झेरॉक्स कमी आहे म्हणायचं. वर सगळ्या नातेवाईकांचीही लागेल म्हणायचं. झेरॉक्सचं दुकान गेटबाहेर, रस्त्यापलीकडं. फाइल घेऊन सगळी वरात तिकडं निघायची आणि मला ती बाई वीस मिनिटं एकटी मिळायची. मन की काय म्हणतात ते मी आयुष्यात जेवढं पाहिलं, ते त्या वीस-वीस मिनिटांत.

जिच्याबद्दल हे सांगतेय ती आली तेव्हा बरोबर सासू, थोरला दीर आणि माहेरचा भाऊ असे तिघं होते. सासर करमाडचं, शेतीवाडी असलेलं. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला, पण दोन वर्षांपासून डायलिसिसच्या मशीनवर. माहेर दौलताबादचं. बारावी झालेली, तिशीही न ओलांडलेली बाई. सासूनं खुर्ची ओढली आणि सून कशी आनंदानं तयार आहे ते सांगायला लागली. भाऊ मान डोलवत होता. मी आठ्या घातल्या आणि तिघांनाही झेरॉक्सला पिटाळलं.

दार लागल्यावर ती लगेच बोलली. माझ्याकडं येणाऱ्या बायका आधी रडायच्या, ही रडली नाही.

“मला नाय द्यायची किडनी,” ती म्हणाली. “पन तसं म्हनलं तर त्या घरात राहता यायचं नाय. माझी पोरगी सहा वर्षांची हे. मला काय झालं तर तिला कोन बघंल?”

दिराचा रक्तगट जुळतो, हे फाइलीतच होतं. त्याला कुणी विचारलं का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझीच मला लाज वाटली. ते गडी माणूस, म्हणाली. एवढंच.

अशा सात-आठ बायका माझ्याकडं आधी येऊन गेल्या होत्या. त्यांच्यासाठी आमची एक पद्धत होती. तेव्हाचे किडनीचे वयस्क डॉक्टर आणि मी, आमचं ते न बोलता ठरलेलं होतं. मी त्यांच्या खोलीत जाऊन फक्त म्हणायचे, ही नको. ते चष्मा पुसायचे आणि फाइलमध्ये रक्तवाहिन्यांची रचना योग्य नाही असं काहीतरी लिहायचे. शरीरच नालायक निघालं म्हटल्यावर घरचे गप्प बसायचे. देवानंच दिलं नाही त्याला कोण काय करणार. बाई मान खाली घालून, जरा दुःखी चेहरा करून घरी जायची आणि जगायची.

पण ते डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेला तरुण, हुशार आणि स्वच्छ होता. स्वच्छ माणसांचा मला तेव्हापासून राग आहे. त्यानं रिपोर्ट माझ्यापुढं पसरले. सगळे उत्तम आहेत, म्हणाला. मी खोटं लिहिणार नाही मॅडम, तुमचा रकाना आहे, तुम्हाला हवं ते तुम्ही लिहा.

तिला किडनी द्यायची इच्छा नाही, असं खरं लिहायचा मार्ग होता. पण ते वाचून घरचे तिला काय करतील, हे ती सांगून चुकली होती. चार दिवस थांबून, डोकं थंड ठेवून दुसरी वाट शोधता आली असती. जुन्या डॉक्टरांना फोन करता आला असता. मी तसं काही केलं नाही. त्या पोरगेल्या डॉक्टरनं मला माझा रकाना दाखवला याचाच मला इतका संताप आला होता की मी तिथंच पेन काढलं आणि लिहिलं, दात्याची मानसिक स्थिती अवयवदानासाठी योग्य नाही. सही केली, शिक्का मारला. बाहेर येऊन तिच्या कानात सांगितलं, घरी काही बोलू नकोस, डॉक्टरच नको म्हणाले एवढंच सांग. ती पाया पडायला वाकली. मी तिला अडवलं, पण आतून फुगले होते हे नाकारत नाही.

आता चूक सांगते. आपल्याकडं फाइल रुग्णालय सांभाळत नाही, नातेवाईक सांभाळतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून या खिडकीवरून त्या खिडकीवर तेच फिरवतात. हे मला माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही. झेरॉक्सच्या बहाण्यानं तीच फाइल मी वीस वर्षं स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात देत आले होते. आणि त्या दिवशीही नर्सनं शिरस्त्याप्रमाणं माझा ताजा कागद लावला, फाइल दिराच्या हातात दिली आणि खाली जमा करा म्हणाली. दिरानं ती वाचली, मोबाइलवर फोटो काढला आणि मग जमा केली.

रक्तवाहिन्या खराब असल्या तर बाई बिचारी ठरते. डोकं खराब असलं तर काय ठरते, हे मी कुणाला शिकवायला नको.

मला ते पंधरा दिवसांनी कळलं, तिच्या नवऱ्याकडून. तो मशीनला जोडलेला होता आणि त्याची आई त्याचे सुजलेले पाय चोळत बसली होती. त्या म्हातारीचे हात बघून मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून तिचा आणखीच राग आला. नवऱ्यानं मला हाक मारली. कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर फिरला, बायकोला दौलताबादला नेऊन सोडलं, पोरगी करमाडलाच ठेवली, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. मग विचारलं, “मॅडम, ती आधीपासूनच तशी व्हती का?”

मी म्हटलं, ती वेडी नाही. त्यानं विचारलं, मग तुम्ही लिहिलं ते काय. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी पोरांवर खडू फेकले ते वाक्य मी त्याच्या तोंडावर फेकलं. हे गोपनीय आहे, मला सांगता येत नाही. म्हातारीनं माझ्याकडं बघून समजूतदारपणे मान हलवली. तिच्या लेखी त्या क्षणी सगळं पक्कं झालं. मी तिथून निघाले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात दोन तास घेतले.

वर्षभरानं ती परत आली. भावासोबत, पण त्याला तिनंच बाहेर बसवलं. या वेळी झेरॉक्सची गरज पडली नाही. पोरगी मागायला ती कोर्टात गेली होती आणि समोरच्यांनी माझा कागद लावला होता. वेड्या बाईच्या हाती पोरगी कशी द्यायची, हा त्यांचा मुद्दा. वर्षभरात तिनं पोरीला तीनदा पाहिलं होतं, तेही आजीच्या मांडीवर बसलेली. तिसऱ्या वेळी पोरगी तिच्याकडं यायला तयार झाली नाही. हे सांगताना तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

मी सगळ्या चाचण्या घेतल्या. तीन तास. घाम पुसत तिनं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. मग मी लेटरहेडवर लिहिलं, संबंधित महिलेस कोणताही मानसिक आजार नाही, मुलीचा सांभाळ करण्यास ती पूर्णपणे सक्षम आहे. त्या दिवसाची तारीख टाकली आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

तिनं तो दोनदा वाचला. “आज नाय म्हनून लिहिलं तुमी,” ती म्हणाली. “तवा येडी व्हती, आन आता बरी झाली, असंच वाचतील ते. पहिला कागद खोटा व्हता, हे लिवा.”

मी समजावायला लागले. माझं समजावणं फार चांगलं आहे, त्याचेच मला पैसे मिळत. पहिला कागद खोटा म्हटलं तर आधीच्या सगळ्या बायकांच्या फाइली उघडतील, त्यांची घरं मोडतील, असं मी म्हटलं. ते खोटं होतं असं नाही. पण त्या बायकांच्या फाइलींवर दुसऱ्याची सही होती आणि ते सगळे कागद शरीराबद्दलचे होते, ते कुणी उघडलं नसतं. मला निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि खोटा दाखला दिला म्हणून चौकशी नको होती. मी तिला ते सोडून बाकी सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, तवा तुमी माझ्यासाठी खोटं लिहिलं, म्हनून मी पाया पडत व्हते. आज खरं लिवा म्हनते तर तुमी मला बायकांच्या गोष्टी सांगू राहिल्या. त्या बायकांचं मला काय? माझी पोरगी मला वळखंना.”

मी गप्प राहिले. गप्प राहणं हेही आमच्या धंद्यात तंत्र म्हणून शिकवतात. तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला. दुसरं काही मिळणार नाही हे तिला कळलं होतं.

दोन महिन्यांनी तिच्या वकिलाचा फोन आला. कागदानं भागत नाही, तुम्ही स्वतः येऊन सांगाल का, म्हणाला. तारीख दिली. पहिल्या कागदाबद्दल विचारतील का, असं मी विचारलं. तेच तर विचारतील, तो म्हणाला. मी हो म्हटलं. मग गारखेड्यात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडं गेले. आमच्या घरचे जुने डॉक्टर. मला आठ दिवसांचा दाखला हवा होता, चक्कर, रक्तदाब, काहीही. त्यांनी कारण विचारलं नाही, पट्टाही दंडाला गुंडाळला नाही. लगेच लिहून दिलं. कोर्टाला तो दाखला पाठवला आणि त्या तारखेला मी घरी, दिवाणखान्यात पेपर वाचत बसले होते.

माझ्या दाखल्यात सगळा दोष शरीराचा होता. वाचणाऱ्यांना माझी काळजी वाटली असेल. पोरगी करमाडलाच राहिली.