उन्हाचा बंब

लोणावळ्याच्या त्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझं बोलणं संपायच्या आतच सगळ्यांनी होकार दिला आणि मला ते काही पटलं नाही. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातून निवृत्त झाल्यापासून मी मावळातल्या चर्चना, बालवाड्यांना आणि लहानसहान संस्थांना सोलर बसवून घ्यायला मदत करते. छप्पर बघायचं, अर्ज करायचे, ठेकेदारावर डोळा ठेवायचा. या कामात लोक आधी शंका काढतात. माकडं नाचली तर? गारा पडल्या तर? इंदुरीच्या एका बालवाडीच्या बाईंनी तर छपरावरची सावली कुठून कुठे सरकते ते स्वतः बघेपर्यंत मला चहासुद्धा विचारला नव्हता. आणि इथे, रविवारची उपासना आटोपून माणसं अजून बाकांवरच होती, मी "उन्हावर चालणारं सोलर" असं म्हणते न म्हणते तोच मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बसवा. लय वर्सं झाली म्हनत हाये, बसवाच."

तिच्यामागोमाग सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब, म्हणजे त्या चर्चचे तरुण धर्मगुरू, यांनी लगेच प्रार्थना करून विषय संपवला. चर्चच्या सभागृहात बायकांसाठी शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई तर छप्पर मोजायला टेप घेऊनच आल्या होत्या. त्यांच्या संस्थेची मशिनं आणि इस्त्र्या चर्चच्याच मीटरवर चालत आणि बिल आलं की दोन्हीकडच्यांना अवघडल्यासारखं होई, त्यामुळे त्यांचा उत्साह मला समजला. म्हातारीचा समजला नाही. चर्चची झाडलोट करणारी, रविवारची घंटा वाजवणारी ही बाई. सगळे तिला मावशी म्हणत, पाळकसाहेबसुद्धा. तिला सोलरची एवढी ओढ कशाला? मला चौकशा करायची खोड आहे, घरचे तिला सरळ भोचकपणा म्हणतात. लोक पांगले तशी मी मावशीच्या मागे निघाले.

चर्चच्या पाठीला एक दगडी खोली होती. आत शहाबादी फरशी, मधोमध माणूस आडवं होईल एवढा लांब ओटा, कोपऱ्यात मोरी आणि भिंतीशी तांब्याचा जुना बंब, धुराने काळवंडलेला. मावशीने भिंतीवर तळवा ठेवून मला जागा दाखवली.

"हितं घ्या त्येचा नळ."

"कसला नळ?"

"ऊन पान्याचा. सोलरचा."

मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मावशीची उमेदीची वर्षं लोणावळ्याच्या बंगल्यांवर भांडी घासण्यात गेली होती. त्या बंगल्यांच्या गच्चीवर जे असतं ते सोलर: काळ्या नळ्या, वर आडवी टाकी, आणि खाली नळ सोडला की हात पोळेल असं पाणी. तिचंच कशाला, निम्म्या पुणे जिल्ह्यात सोलर म्हणजे आंघोळीचं पाणी; मी बोलत होते ते विजेचं. त्यात मी मघाशी उन्हावर चालणारं म्हणाले होते. आपण ऊन ऊन भात म्हणतो तेव्हा कुठे आभाळाकडे बघतो? तिने ऐकलं ते चुकीचं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"मावशी, देवाच्या घरात आंघोळ कोण करणार?" मी चेष्टेने विचारलं.

"मेलेली मानसं," ती म्हणाली.

माझं हसू तिथेच राहिलं. मग तिने सांगितलं. तिथली बरीच कुटुंबं चाळीत, एकेका खोलीत राहणारी. घरात मयत झाली तर आंघोळ घालायला जागा नसते. म्हणून बाईमाणूस गेलं की या खोलीत आणतात आणि मावशी आंघोळ घालते. तिच्याआधी हे काम तिची सासू करायची. उन्हाळ्या-हिवाळ्यात बंबावर भागतं. पावसाळ्यात मात्र लाकडं ओली, खोलीत धूर कोंडतो, बंब पेटता पेटत नाही आणि बाहेर छत्र्या धरून उभी राहिलेली माणसं घाई करायला लागतात.

"माजी बहीन गार पान्यानं गेली," ती म्हणाली. "ऐन आखाडात. मी पेटवायची नि त्यो इजायचा. मंग बाप्ये म्हनले, आटपा आता. गारच घातलं." बंबाच्या झाकणावरची राख तिने पदराने पुसली. "तवाच ठरीवलं, आता कुनाला गार घालायचं न्हाई. पर पावसाळा आला का मला भ्या वाटतं. कोन जाईल, कवा जाईल, लाकडं पेटतील का न्हाई."

कुणी असं बोलल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो. मी विचारलं, "पण मावशी, गेलेल्या माणसाला गरम काय नि गार काय, कळतं का?"

"त्येला न्हाई कळत," ती म्हणाली आणि मला बाहेर घेऊन दाराला कडी घातली.

मग कुणाला कळतं, हे विचारायच्या आत ती झाडू घेऊन अंगणाच्या टोकाला पोचली होती.

तो प्रश्न मला चिकटला. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, शास्त्रात असं काही सांगितलेलं नाही, रीत आहे. शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, स्वच्छतेसाठी असेल. त्यांची म्हातारी आई रोज त्यांच्याबरोबर वर्गाला यायची आणि कोपऱ्यात बसून डबाभर बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायची. ती म्हणाली, "थंडी वाजू नये म्हणून गं," आणि स्वतःच्याच बोलण्यावर बोळकं पसरून हसली. परतीच्या लोकलमध्ये मला आठवलं की आमच्या हिंदू घरातही शेवटचं पाणी ऊनच असतं. माझ्या आईच्या वेळी बायकांनी चुलीवर हंडा चढवला होता आणि मी, एरवी कशालाही का म्हणून विचारणारी, तेव्हा विचारलं नव्हतं. घोरावाडीला उतरेपर्यंत मी त्याच विचारात होते.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर खुलासा केला. छपराची दक्षिणेकडची एकच बाजू उन्हात होती, बाकीच्या पत्र्यावर सिल्व्हर ओकची सावली. त्या बाजूवर एक तर विजेच्या प्लेटा बसतील, नाहीतर पाण्याच्या नळ्या. मावशी पुन्हा उठली. "मंग माजा हात खाली धरा," ती म्हणाली आणि चालती झाली. शिवणवर्गाच्या बाईंचा चेहरा पडला. त्या दोघींचं जिवाभावाचं होतं, पण पुढचे काही दिवस मावशी सभागृह झाडताना बाईंच्या मशिनपाशी पोचली की तेवढीच जागा सोडून पुढे जायची.

मला दोघींच्यामध्ये पडायचं नव्हतं, तरी पडावं लागलं, कारण मावशीला खरं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. आषाढात लोणावळ्यात समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही. तिथे उन्हावर पाणी कुठून तापणार? तिला ज्या दिवसांची भीती, नेमकं त्याच दिवसांत तिचं सोलर गार पडणार होतं.

"मंग बंगल्यावाल्यांचं कसं तापतं पावसात?"

"त्यांच्या टाकीत विजेची कांडी असते. पावसाळ्यात ती लावतात."

तिने इतकी वर्षं त्या नळाखाली भांडी धुतली होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती पायरीवर बसली. फसवल्यासारखी तिची मुद्रा झाली आणि मला फार वाईट वाटलं.

खरं तर उत्तर तिथेच होतं, मीच ते रोज लोकांना सांगत होते. मी म्हटलं, "हे बघा मावशी. चैत्र-वैशाखात या प्लेटा आपल्याला लागते त्याहून जास्त वीज करतात. उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, पण आपल्या नावावर जमा राहते. पावसाळ्यात प्लेटा थंडावल्या की तेवढी परत घ्यायची. मागच्या खोलीत साधा गिझर लावू."

ती छपराकडे बघत म्हणाली, "म्हंजी वाळवन."

"काय?"

"उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळवायचे नि पावसाळ्यात तळायचे. तसं ऊन वाळवून ठिवायचं."

तेव्हापासून पवनानगरपासून देहूरोडपर्यंत जिथे जाते तिथे मी हाच शब्द वापरते आणि सगळ्यांना तो लगेच समजतो. मावशीला मात्र अजून एक शंका होती. लाइट गेली तर? हे ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते, कारण सोलर बसवलं की लाइट जाणारच नाही अशी सगळ्यांची ठाम समजूत असते. मी सांगितलं, लाइट गेली की हेही थांबतं, तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून.

"मंग बंब मोडीत घालू नका," ती म्हणाली, आणि तिथून सरळ शिवणवर्गाच्या बाईंच्या मशिनखाली झाडायला गेली.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्लेटा बसल्या आणि मागच्या खोलीत गिझरही लागला. वैशाखभर मी गेले की मावशी विचारायची, "आज किती वाळलं?" आणि मी मीटर बघून काहीतरी आकडा सांगायची. आकड्याशी तिला देणंघेणं नव्हतं, भरपूर आहे एवढं ऐकलं की ती खूश. बाईंच्या आईने तिला एकदा चिडवलं, "एवढं साठवतीस, आधी कोण जाणार ते तर ठरव." मावशी म्हणाली, "तुजाच नंबर लावते," आणि दोघी पोट धरून हसल्या.

आषाढात नंबर तिचाच लागला. सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला: शिवणवर्गाच्या बाईंची आई झोपेतच गेली, आणि गिझर चालत नाहीये, तुम्ही येता का? मी छत्री घेऊन धावतच स्टेशन गाठलं. लोणावळ्यात पोचले तेव्हा धो धो पाऊस होता. गिझरला काही झालं नव्हतं, पहाटेपासून लाइटच नव्हती. मागच्या खोलीतून धूर येत होता, म्हणजे मावशीने बंब पेटवून पाहिला होता. ती डोळे पुसत उंबऱ्यावर बसली होती आणि कुणाला आत जाऊ देत नव्हती.

पाळकसाहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आपल्याकडे सोलर आहे ना?" लाइट गेली की सोलरही थांबतं, हे मी पुन्हा एकदा समजावलं आणि सांगता सांगता माझा मलाच राग आला. दफनभूमीत खणलेल्या खड्ड्यात पाणी भरायला लागलं असल्याचा निरोप आला. छत्र्यांखालची माणसं चुळबुळ करायला लागली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, आटपा आता."

तेच शब्द होते. मावशीने मान वर केली. "पानी ऊन झाल्याबिगर मी हात लावनार न्हाई," ती म्हणाली. "तुमाला घाई आसंल तर तुमी जावा."

कुणी गेलं नाही. लाइट आली तेव्हा आधी सभागृहातला पंखा फिरायला लागला आणि मग खोलीतल्या गिझरचा लाल दिवा लागला. तरी ती थांबली. नळाखाली हात धरायची आणि म्हणायची, "आजून." शेवटी तिने शिवणवर्गाच्या बाईंना आत बोलावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीबी या. बादली धरा."

मी असं कधी केलं नव्हतं. बाई तांब्याने पाणी घालत होत्या, मावशी हात फिरवत होती. खोलीत वाफ दाटली. मग मावशीने बाईंचा मनगटाशी हात धरला, आईच्या खांद्यावर नेऊन ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"मावशी," बाई म्हणाल्या, "आई ऊन लागतेय."

"व्हय. घटकाभर ऱ्हाती अशी. मंग पुन्हा गार व्हती." मावशीने बाईंचा हात सोडला. "माजं बहिनीशी बोलायचं ऱ्हायलं. तू बोल."

बाई ओट्यावर वाकल्या आणि आईच्या कानाशी काहीतरी सांगू लागल्या. मी बादली धरून भिंतीकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाईंचं बोलणं लवकर संपेना. मावशीने बादलीत बोटं घालून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आजून हाय का?"

"आहे," मी म्हणाले, "वैशाखातलं पुष्कळ आहे," आणि नळ सोडला.