डागमावशीच्या हातचे कपडे

लाँड्रीत तिला सगळे डागमावशी म्हणत. शाई असो, तेल असो की रक्त, एकतीस वर्षांत तिच्या नजरेतून डाग निसटला नव्हता. इस्पितळाच्या चादरी तिच्याकडे येत आणि कोऱ्या होऊन परत जात.

नात झाली तेव्हा तिने सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं, "बाळाची झबली, दुपटी मी कामावर नेणार. घरच्या बादलीत काय निघतंय, कपाळ?" लंगोट तेवढे सुनेकडे राहिले. चादरींच्या मशीनमध्ये लंगोट टाकणं डागमावशीच्या शिस्तीत बसत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात बाळाच्या अंगावर पुरळ उठलं. आधी मानेच्या वळ्यांत, मग पाठीवर, कोपरांत. दिवस कसाबसा निघे. रात्री मात्र बाळ दुपट्यावर गाल घासघासून लाल करी. हातमोजे बांधले, तर मोजेच तोंडावर घासे. मुलगा रात्रपाळीला. दोघी बायका आळीपाळीने बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत. मोरीपासून दारापर्यंत अकरा पावलं, परत अकरा.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, नखं कापायला सांगितली आणि विचारलं, "कपड्यांना साबण कोणता?"

"त्याची काळजीच नको," सुनेच्या आधी डागमावशी बोलली. "इस्पितळासारखे धुतले जातात."

बाहेर रांग होती. बाईंनी पुढे विचारलं नाही.

मग घरी डागमावशीनेच निदान केलं. "तुझ्या दुधातून जातंय. खाण्याकडे बघ जरा." सुनेने दाणे सोडले, अंडी सोडली, शेवटी दूधही सोडलं. तिची गालफडं बसली. पुरळ जिथल्या तिथे.

"आता काय सोडू, आई?" एका रात्री तिने विचारलं. "श्वास तेवढा राहिलाय."

"जिभेला काही हाड!" म्हणत डागमावशीने बाळ तिच्याकडून काढून घेतलं. पण ते वाक्य तिच्याबरोबर फेऱ्या घालत राहिलं.

तीनच्या सुमारास लंगोट बदलायला तिने बाळाला दिव्याखाली आडवं केलं. सून भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपली होती. झबलं वर सारलं, लंगोट सोडला आणि डागमावशीचा हात थांबला. पोट, पाठ लालभडक. लंगोटाखाली मात्र कातडी लोण्यासारखी. जिथे ओल, जिथे खरं तर आधी पुरळ उठायचं, तिथे एक पुळी नाही. मधली रेघ अशी, की कुणी खडूने आखावी.

डाग कशाचा, कुठून सुरू झाला, हे ती डागाच्या कडेवरून सांगत आली होती. ही कड तिला नको होती.

लंगोट घरचे, साध्या वडीने धुतलेले, सुनेच्या हातचे. बाकी सगळं तिच्या हातचं.

तिने घडीतलं झबलं उचलून जिभेला लावलं. जीभ चुरचुरली. चादरींची पावडर होती ती. चार पाण्यांतून काढूनही धाग्यात दडून बसलेली.

उद्यापासून गुपचूप घरीच धुतलं असतं, तर बाळ बरं झालं असतं आणि श्रेय मलमाला गेलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार आला आणि बराच वेळ ठाण मांडून बसला. तोवर तिने बाळाचे कपडे काढले, सुनेच्या विटक्या, घरी धुतलेल्या गाऊनमध्ये त्याला गुंडाळलं. बाळ कण्हलं, वळवळलं, आणि हळूहळू शांत झालं.

त्या शांततेनेच सून दचकून उठली. "काय झालं? रडत का नाहीये?"

"झोपलंय," डागमावशी म्हणाली. "इकडे ये. हे बघ. तुझ्या दुधात काही नव्हतं गं. माझ्या धुण्यात होतं."

तिने गाऊन अलगद बाजूला करून ती रेघ दाखवली. लंगोट कोण धुतं, झबली कोण, हे वेगळं सांगावं लागलं नाही. सुनेने झबलं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी दूध पिऊ?"

डागमावशी उठली. तिने दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं. एरवी दूध तापत ठेवून दहा कामं उरकणारी ती, वर साय धरेपर्यंत तिथून हलली नाही.