बापलेकीचा कंप्युटर

वरोऱ्यातल्या आमच्या गल्लीत कंप्युटर यायच्या आधी त्याच्याबद्दलची मतं येऊन बसली होती. कोणाच्या घरात तो नव्हता, पण मत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. माझे धाकटे दीर कचेरीत कारकून. तिथं एक जुना कंप्युटर होता, म्हणून त्यांचं मत सगळ्यांत वजनदार. ते म्हणायचे, "वहिनी, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची ना, तो खरा कंप्युटर. आता हे खिडक्या उघड, चित्रावर टिचकी मार, हा पोरखेळ हाये." शेजारीण म्हणायची, त्याला थंड ठेवावं लागतं, नाहीतर त्याचं डोकं गरम होतं. मी म्हटलं, बाई, आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात माणसांनाच कूलर पुरत नाही, त्याला कुठून आणू? "मंग तुमी बाहेर झोपा अन् त्याले आत ठेवा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो.

माझं स्वतःचं काही मत नव्हतं. मी सातवी शिकलेली. पुढचं वाचन माझं मीच केलं, हाताला लागेल ते. कंप्युटर हे आपलं काम नव्हे असं वाटायचं, आणि ते कधी आपलं काम होईल असंही वाटलं नव्हतं. झालं ते यांच्या कानांमुळे.

आमचे हे कोळशाच्या खाणीत हॉलेजवर होते. हॉलेज म्हणजे कोळशाचे डबे दोराने वर ओढायचं इंजिन. जन्म सगळा त्या इंजिनाच्या घरघरीत गेला. वयानं म्हणा, आवाजानं म्हणा, कान हळूहळू बसत गेले. शेवटची काही वर्षं साहेबांनी यांना वर दिव्यांच्या खोलीत बसवलं, कामगारांना दिवे द्यायचे आणि परत घ्यायचे. निवृत्त होऊन वरोऱ्याच्या घरी आलो तेव्हा डाव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर थोडं कळायचं, बाकी सगळं हातवाऱ्यावर. स्वभाव मुळातच कमी बोलायचा. म्हणून बाहेरच्यांना फार फरक जाणवला नाही. फरक पडला तो एका माणसाला, आमच्या लेकीला.

लेक एकुलती एक. कंप्युटरचंच शिकली आणि हैदराबादला नोकरीला लागली. लहानपणी ती बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून जे बोलायला लागायची, ते सायकल उभी केली तरी संपायचं नाही. आणि आता फोनवर दोघांचं बोलणंच होईना. हे रिसीव्हर कानाला लावून नुसते बसायचे, मग माझ्या हातात द्यायचे. मी मधली. तिचं मी यांच्या कानात ओरडायची, यांचं मी तिला सांगायची.

"काऊन व, पोरगी काय म्हणून राह्यली?"

"बरी हाये म्हणते!"

"एवढा वेळ बोलली, अन् बरी हाये, एवढंच म्हणाली?"

आता लेकीचं निम्मं बोलणं मी कसं ओरडून सांगणार? शेजारणीच्या अंगणात ऐकू जायचं. पत्र लिहा म्हटलं, तर यांचा हात 'सर्व कुशल'च्या पुढे सरकायचा नाही. एकदा लेक मला फोनवर म्हणाली, "आई, बाबांशी बोलून किती वर्षं झाली गं. तू सांगतेस ते तुझंच बोलणं असतं." मी हे यांना सांगितलं नाही. काय सांगणार!

त्यावर तिनंच उपाय काढला. बाबा वाचू शकतात, लिहू शकतात, मग त्यांनी माझ्याशी लिहून बोलावं. इकडे अक्षर उमटलं की तिकडे दिसतं, लगेच उत्तर येतं. चॅट म्हणतात म्हणे त्याला. चंद्रपूरच्या एका दुकानदाराला सांगून तिनं कंप्युटर जोडून घरी पाठवला.

तो आला त्या दिवशी गल्ली जमली. शेजारीण नारळ घेऊनच आली. आम्ही बौद्ध, आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. तिला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं आपल्या दारात फोडला आणि खोबरं आमच्या दारात वाटलं. दुकानदारानं फोनची तार त्या डब्यात खुपसली आणि इंटरनेट लावलं. काय तो आवाज! टिटवी ओरडावी, मागून पत्र्यावर कोणी खिळा ओढावा. पोरांनी कानात बोटं घातली. सगळ्या गल्लीत एकच माणूस शांत बसला होता, आमचे हे. त्यांनी डब्यावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "इंजिन चालू झालं."

पण गाडी पहिल्याच दिवशी अडली. लेकीनं आधी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवलं. यांना इंग्रजी अक्षरं ओळखता येत, पण ती जुळवून त्यातून मराठी काढायची म्हणजे कठीण. मग तिनं मराठी अक्षरांत पाठवलं. पडद्यावर आले नुसते चौकोन. ओळीनं रिकामे चौकोन, वर-खाली सारखे.

"पोरगी विटा पाठवून राह्यली काय?" हे म्हणाले.

दीर आले, त्यांनी पाहिलं. दुकानदाराला बोलावलं, त्यानं पाहिलं. दुकानदार म्हणाला, "याच्यात अठ्ठ्याण्णववाली विंडोज हाये. त्याच्यावर मराठीचं जमत नाई. एक्सपी टाका."

"एक्सपी टाकलं का मशीन बसते," दीर म्हणाले. "जड हाये ते. अठ्ठ्याण्णव कसं हलकं, धावते."

"भाऊ, जमाना बदलला."

"जमान्याचं मले नको सांगू गा. कचेरीत मी रोज पाहून राह्यलो."

दोघांचं असं चाललं की चहा दोनदा झाला. आणि त्या दिवशी, कंप्युटरच्या बाबतीत, मला आयुष्यातलं पहिलं मत सुचलं. मी म्हटलं, "भाऊजी, आपल्याले हा शंकरपटात बैलावानी पळवायचा हाये काय? माझ्या घरच्यांची अक्षरं ज्याले दिसत नाईत, तो किती का धावेना, मले काय त्याचं!" दुकानदार टाळी वाजवून हसला. दीर म्हणाले, "वहिनी आता एक्सपीच्या पार्टीत गेल्या." गेले तर गेले.

दिवाळीला लेक आली ती तयारीनंच आली. बोटाएवढी हिरवी पट्टी तिनं डब्याच्या पोटात बसवली, म्हणजे जड विंडोजनंही मशीन बसणार नाही, आणि मग एक्सपी टाकलं. बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावून बारीक मराठी अक्षरं लिहिली. बापाला शेजारी बसवून शिकवलं. काना कुठं, मात्रा कुठं, लिहून झालं की हे लांब बटण दाबायचं. ते एका बोटानं टिपत होते, पण एकही अक्षर चुकत नव्हतं. पडद्यावर स्वतःचं नाव पाहून यांचा चेहरा असा खुलला की मी देवळीतला दिवा घासायचा सोडून पाहत राहिले. लेक गेली. ठरलं की येत्या रविवारी दुपारी बोलायचं.

रविवारी हे जेवून, धुतलेला सदरा घालून बसले. मी आत भांडी घासत होते. मध्येच शेजारीण धावत आली. "काय व बाई, तुमच्या पोरीचा माझ्याकडे फोन! तुमचा फोन लागून नाई राह्यला." कसा लागणार, तार कंप्युटरमध्ये होती. "पोरगी म्हणते, तुमचा कंप्युटर बिघडला. तिनं लिहिलेलं तिलेच परत पाठवून राह्यला!"

मी बाहेर येऊन पाहिलं. खरंच तसंच. लेकीचं 'बाबा, जेवलात का?' आणि खाली आमचं 'बाबा, जेवलात का?' तिचं 'थंडी आहे का तिकडे?' आणि खाली तेच, अक्षराला अक्षर. विहिरीत हाक मारावी तसं. हे मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेले.

संध्याकाळी दीर म्हणाले, "व्हायरस हाये. मी सांगितलं होतं, एक्सपी नको." दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "सारं पुसून नव्यानं टाका लागते." लेक म्हणाली, अजून एकदा करून पाहू. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ती बिचारी एकेक वाक्य पाठवायची, तेच परत यायचं, मग ती थांबायची. इकडे हे थांबलेले. दुपार तशीच चालली होती.

शेवटी हे उठले आणि खुर्ची मागं सारून म्हणाले, "ठेवून दे हे. फोनच बरा होता, निदान तू तरी बोलत होतीस. पोरीले माझ्याशी बोलावंसं वाटत नाई."

"काऊन असं म्हणता?" मी कानाशी ओरडले.

"एक शब्द टाकते अन् गप होते. पुढं काईच नाई."

तिकडे ती म्हणते बाबांकडून माझेच शब्द परत येतात, इकडे हे म्हणतात तिला बोलायचं नाही. आणि सोमवारी दुकानदार येऊन सगळं पुसणार. मी यांचा हात धरून पुन्हा खुर्चीवर बसवलं. म्हटलं, अजून एकदा. माझ्यासमोर. तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन मी शेजारीच बसले.

लेकीचं आलं, 'बाबा, आहात ना?' हे पुढे वाकले. डोळे पडद्यावर, मग बटणावर, पुन्हा पडद्यावर. एकेक अक्षर पडद्यावरचं पाहून उतरवत होते. जसंच्या तसं. लांब बटण दाबलं. मागं टेकले, पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. आणि ती बैठक मी ओळखली. लग्नानंतर एकदा डबा द्यायला खाणीवर गेले होते तेव्हा इंजिनाच्या खोलीत हे असेच बसलेले पाहिले होते.

"अवो, तुमी तिचंच काऊन लिहून राह्यले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भातात मीठ काऊन टाकतात असं विचारलं. "घंटी परत देऊन राह्यलो."

"कोणती घंटी?"

मग त्यांनी सांगितलं. खाणीत खालचा माणूस डबे ओढायला घंटी देतो. वरच्यानं लगेच ओढायचं नसतं. जेवढे टोले आले तेवढेच आधी परत द्यायचे. म्हणजे खालच्याला कळतं की आपलं बरोबर पोचलं. मग तो पुढची घंटी देतो. न देता दोर ओढला तर खाली कोणाचा जीव जाईल. "पोरगी एवढी दूर. तिले कसं समजंल, बापाले पोचलं का नाई?"

इतकी वर्षं इंजिन चालवलेला माणूस. लांबचं बोलणं त्याला एवढ्या एकाच रीतीनं येत होतं, आणि तीच रीत तो जीव ओतून पाळत होता. मी हसायला लागले ते थांबेचना. टोपली कलंडली, शेंगा खाटेखाली गेल्या. हे गोंधळून पाहत राहिले. मी डोळे पुसत खुर्चीजवळ सरकले आणि माझ्या बोटानं, चुकतमाकत, लेकीला सगळं लिहिलं. व्हायरस नाही, बाबा आहेत, घंटी परत देतात.

तिकडून आलं, 'आई, मी इथं एकटीच बसून वेड्यासारखी हसतेय. नि रडतेय पण.' आणि लगेच खाली, 'बाबा, आता तुम्ही घंटी द्या. मी परत देते.'

यांनी ते वाचलं. हनुवटी खाजवली. माणसाला इतक्या वर्षांनी लेकीशी बोलायची संधी मिळाली तर तो पहिलं काय विचारेल? मला वाटलं पगाराचं विचारतील, लग्नाचं विचारतील. त्यांनी एका बोटानं हळूहळू लिहिलं, 'तुया खोलीत हवा येते का?'

क्षणभरानं तिकडून आलं, 'तुया खोलीत हवा येते का?'

"पोचली!" हे मांडीवर थाप मारून इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

मागोमाग तिचं उत्तर आलं. एक खिडकी आहे, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. यांनी लगेच विचारलं, आलेली हवा निघायला दुसऱ्या बाजूनं वाट आहे का? तिनं लिहिलं, दारावर जाळी आहे, पण ती कागद लावून बंद केली आहे. कागद काढ, यांनी लिहिलं. नुसती येऊन चालत नाही, निघालीही पाहिजे. ती म्हणाली, काढते. आणि उठून खरंच काढून आली. मग तिनं लिहिलं, बाबा, पडदा हलायला लागला!

मी दर आठवड्याला फोनवर विचारत होते, जेवलीस का, झोपलीस का. खोलीत हवा येते का, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खाणीत उतरलेल्या माणसाच्याच डोक्यात ते आधी येणार. आणि लेकीला ते इतकं आवडलं की ती खोलीची लांबी-रुंदी सांगू लागली, पलंग कुठं, चूल कुठं, पंखा कुठल्या अंगाला फिरतो. हे पुढे पुढे वाकून वाचत होते, मध्येच "हं!", मध्येच "असं नको!" असं पडद्याला सांगत होते, आणि मग तेच टिपून पाठवत होते. घंटी परत द्यायचं दोघंही कधी विसरली, त्यांना कळलंच नाही.

दीर आले, हातात दुकानदाराकडून आणलेली सीडी. "वहिनी, उद्या पुसायचं ना?" मी म्हटलं, "भाऊजी, त्या मशीनले हात तर लावून पाहा!" त्यांनी यांच्या खांद्यावरून वाचलं, थोडं वाचलं, आणखी थोडं वाचलं, आणि सीडी खिशात ठेवली. "एक्सपी बरं चालून राह्यलं," म्हणाले, जसं काही त्यांनीच टाकलं होतं.

मी चहा करून आणला. यांना कप धरायला सवड नव्हती, बोट बटणांवर. तेवढ्यात लेकीचं काहीतरी आलं आणि हे खो खो हसले. पोट हलेपर्यंत. यांचं असं हसणं मी विसरूनच गेले होते.

"काय म्हणते?" मी वाकून विचारलं.

त्यांनी पडद्यावरून नजर न काढता हातानं मला बाजूला सारलं. "थांब व. पोरगी अजून लिहून राह्यली."