तीन कोंबड्या आणि खुराड्याचं डिझाईन

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ऑफ पिरियडला चहा येतो, कोणीतरी घरचं रडगाणं सुरू करतं, बाकीचे त्यात आपापली अक्कल घालतात आणि बघता बघता तपासायच्या पेपरांसारखा किश्शांचा गठ्ठा साठतो. आमच्या परतूरच्या शाळेत गेल्या वर्षी साठलेला गठ्ठा सगळा माझ्या घरच्या खुराड्याचा. म्हटलं, आपणच सांगून टाकावं. दुसरे सांगतात तेव्हा त्यात मी फार भांडकुदळ दिसते.

*

सुरुवात सासूबाईंपासून. त्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यापासून त्या वडीगोद्रीला एकट्याच राहायच्या. आमचे हे दर सणाला "माय, चल परतूरला" म्हणायचे आणि त्या दर सणाला "पाहू" म्हणायच्या. दिवाळीच्या आधी त्या अंगणात पडल्या, हाताला प्लास्टर आलं आणि आम्हाला ते चार दिवसांनी कळलं. मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की मी रजा टाकून वडीगोद्रीला गेले आणि सांगितलं, तुम्ही निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

शेवटी त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. त्यांच्या तीन गावरान कोंबड्या सोबत येणार.

"अन् एकीला जरी मांजरानं नेलं, तर मी त्याच दिवशी गाडीत बसले म्हणून समज."

मी म्हटलं, कबूल. मला काय माहीत, आमच्या गल्लीतला बोका किती आडदांड आहे ते! रात्री कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकायच्या आणि वर दगड ठेवायचा, ही वडीगोद्रीची पद्धत. हा बोका दगडासकट डालगं सरकवायचा. मग कोंबड्यांची रवानगी आमच्या बाथरूममध्ये झाली. सकाळी आधी कोंबड्या बाहेर यायच्या, मग फरशी धुवायची, मग माझी आंघोळ. ह्यांचा नंबर येईपर्यंत ऑफिसची वेळ व्हायची. आठवड्यातच हे म्हणाले, "मागच्या अंगणात पक्कं खुराडं करू. तू फक्त डिझाईन ठरव."

*

डिझाईन म्हटल्यावर मी आधी चित्रकलेच्या सरांना गाठलं. सरांनी दोन दिवस घेतले आणि ड्रॉइंग शीटवर जलरंगात खुराडं काढून आणलं. कौलारू छप्पर, खिडकीला पडदा, अंगणात तुळस, मागे दोन डोंगर आणि डोंगरांमधून उगवणारा सूर्य. सगळ्यांनी वा वा केलं.

मी विचारलं, "सर, दार कुठाय?"

"दार मागच्या बाजूला आहे मॅडम. या अँगलनं दिसत नाही."

ते चित्र आत्याबाईंना फार आवडलं. त्यांनी ते पीठ लावून भिंतीवर चिकटवलं. कोंबड्या बाथरूममध्येच राहिल्या.

*

मग विज्ञानाच्या सरांनी मनावर घेतलं. त्यांची आकृती पेन्सिलीत, भागांना नावं दिलेली, हवा कुठून येणार आणि कुठून जाणार त्याचे बाण काढलेले. खरी करामत तळाला होती. तळ उतरता ठेवायचा, म्हणजे कोंबडीनं अंडं दिलं की ते आपोआप घरंगळत बाहेरच्या ट्रेमध्ये येणार. आत हात घालायचं काम नाही.

मी म्हटलं, करून बघू. सर स्वतः घरी आले. टीव्हीच्या खोक्याचं मॉडेल केलं, उतार दिला, आणि आत्याबाईंकडून एक अंडं मागून घेतलं. अंडं सुटलं. ट्रेच्या वरून गेलं आणि फरशीवर फुटलं. सर म्हणाले, कोन थोडा जास्त झाला. दुसरं मागितलं. तेही गेलं. तिसरं मागितल्यावर आत्याबाईंनी परात आणून ट्रेच्या जागी ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "सोडा आता गुर्जी. मी तवा तापवून राह्यले."

*

हे सगळं मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. आमच्या शाळेत खडू आणायचे असले तरी समिती नेमतात, त्यामुळे खुराड्यालाही समिती झाली. अध्यक्ष मुख्याध्यापक, सदस्य दोन्ही सर, निमंत्रित मी. दार पूर्वेला की उत्तरेला यावरच पहिली बैठक संपली. दुसऱ्या बैठकीत ठरलं की जागा पाहिल्याशिवाय निर्णय घेणं योग्य नाही.

रविवारी समिती आमच्या अंगणात हजर! आत्याबाईंना मी नीट सांगितलं होतं, हे लोक खुराड्यासाठी येणार आहेत म्हणून. पण मुख्याध्यापकांनी आल्या आल्या सगळ्यात मोठी कोंबडी उचलली. बसायची दांडी किती जाड लागेल ते वजनावर ठरतं म्हणे. त्यांनी कोंबडी दोन्ही हातांत तोलली आणि म्हणाले, "दीड किलोला मरण नाही."

आत्याबाईंनी जाऊन ती कोंबडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"ही द्यायची न्हाई, गुर्जी. चहा घ्या अन् चला."

समितीनं चहा घेतला. निघताना मुख्याध्यापक गेटपर्यंत पोचले तरी आत्याबाई कोंबड्या मोजत होत्या.

*

आणि मग एका संध्याकाळी बाथरूमचं दार उघडं राहिलं. कोणाकडून राहिलं यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. बोका आत शिरला. आत्याबाईंनी बादली फेकून त्याला पळवलं, कोंबडी वाचली, पण तिची शेपटी बोक्याच्या तोंडात गेली. आत्याबाई आत गेल्या आणि लुगडी पिशवीत भरायला लागल्या. ह्यांनी समजावलं, तर म्हणाल्या, "सकाळच्या गाडीला बसवून दे."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. चित्र झालं, आकृती झाली, समिती झाली, आणि वडीगोद्रीच्या त्या रिकाम्या अंगणात ही बाई पुन्हा पडली तर आम्हाला कळणारही नाही. डोळ्यात पाणी आलं आणि त्याच्याबरोबर हट्टही चढला. आज खुराडं झाल्याशिवाय झोपायचं नाही. समोर प्लास्टिकखाली आमचा जुना लोखंडी कूलर झाकून ठेवला होता. उंच स्टँडवर, तीन बाजूंनी पत्र्याच्या फटी, खाली टाकी. मी पान्हा आणला आणि मोटर खोलायला घेतली.

हे धावत आले. "अगं, कूलर आहे तो! उन्हाळ्यात काय करायचं?"

"उन्हाळ्यात तुम्हाला कूलर पाहिजे की आई पाहिजे, ते आत्ताच सांगा."

ह्यांनी माझ्या हातातून पान्हा घेतला आणि उरलेले बोल्ट स्वतः खोलले. गवताच्या ताट्या काढल्या, पंख्याच्या भोकाला जाळी ठोकली, मध्ये बांबूची दांडी अडकवली, बाजूच्या फ्रेमला कडी लावली. घाण टाकीत पडणार, टाकी धुतली की झालं. बोका आला, स्टँडला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि निघून गेला. सकाळी आत्याबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्हीही नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा स्टाफरूममध्ये मला अजून दर आठवड्याला सांगावा लागतो.

एप्रिलमध्ये आमचं घर भट्टी झालं. वर स्लॅब, आणि कूलरमध्ये कोंबड्या. वडीगोद्रीहून शेजारणीचे फोन यायला लागले की इकडे ये, लिंबाखाली गार आहे. आत्याबाई "पाहू" म्हणायच्या, आणि तो शब्द ऐकला की ह्यांचं जेवण कमी व्हायचं. म्हातारी उन्हाला कंटाळून जाणार, ही आम्हा दोघांचीही खात्री झाली होती. शेवटी ह्यांनी जालन्याहून नवा कूलर आणला. आधीच्यापेक्षा मोठा. रिक्षातून उतरवला, आत्याबाईंच्या खोलीच्या खिडकीशी ठेवला आणि प्लग हातात घेऊन त्यांना हाक मारली.

आत्याबाई आल्या. कूलरला चारी बाजूंनी हिंडून पाहिलं. पत्रा वाजवला, ताटी ओढून पाहिली, वाकून टाकीत हात फिरवला. मग समाधानानं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"हा बराबर आणला. मोठी अंड्यावर बसली न्हाई का, तिची पिल्लं यात मावतील. पोळ्यापर्यंत दुसरीला बसवते."