बाबांनी घासलेले गोळे

बाबा साकीनाक्याला टर्नर होते. सगळी हयात एकाच गाळ्यात, एकाच लेथवर धातू कातण्यात गेली. मी फिजिक्समध्ये पीएचडी करायला घेतली तेव्हा भांडुपच्या चाळीत सगळ्यांना सांगत सुटायचे, पोरगी न्यूटनला तपासतेय. मला लाज वाटायची, पण खोटं काहीच नव्हतं. दोन वस्तू एकमेकींच्या अगदी जवळ आणल्या तरी न्यूटनच्या नियमाइतक्याच खेचतात की थोडं कमीजास्त होतं, हेच मी बघत होते. जास्त निघालं असतं तर भल्याभल्यांचे सिद्धांत नव्याने लिहावे लागले असते.

प्रयोगाला पितळेचे चार गोळे हवे होते. बाबा म्हणाले, बाहेर कशाला, मी देतो. ड्रॉइंगवर मी स्पष्ट लिहिलं होतं, शेवटच्या कटनंतर हात लावायचा नाही, घासायचं नाही. गोळे आले ते आरशासारखे लखलखीत. अक्कल बघा माझी, ते बघून मी खूशच झाले.

वर्षभर मोजलं. बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या टोकांना दोन गोळे. उरलेले दोन जवळ नेले की तार किती पिळते ते बघायचं. ती नियमापेक्षा जास्त पिळत होती. पुन्हा मोजलं, तरी तेच. मी हवेत होते. घरी सांगून बसले आणि बाबांनी गाळ्यात पेढे वाटले.

मग माझ्या गाइड सरांनी गोळे चुंबकीय तपासणीला लावले. लोखंड निघालं. बाबांना विचारलं तर म्हणाले, चकाकीसाठी एमरी पेपर मारला होता. एमरीतले लोखंडाचे कण मऊ पितळेत रुतून बसले होते, आणि ती जास्तीची ओढ त्यांच्या चुंबकत्वाची होती. साकीनाक्याला पॉलिश न मारता जॉब देणं म्हणजे कामचुकारपणा, गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. त्यात हे तर पोरीचं काम.

तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. डोक्यात राख घालून घेतली होती मी.

"बाबा, माझ्या वर्षाची वाट लावलीत तुम्ही."

ते जेवत होते. "तुझ्या कॉलेजात कुणी नावं ठेवू नयेत म्हणून घासले गं," म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

दुसरे चार गोळे त्यांनी महिन्याभरात दिले. खरखरीत, टूलच्या रेघा तशाच ठेवलेल्या. मी तेव्हा मैत्रिणींबरोबर जोगेश्वरीला राहायचे. बाबा दोन दिवसांआड फोन करायचे. जेवलीस का विचारायचे, आणि मग आवाज खाली आणून, गोळे बरे आहेत ना? मी म्हणायचे, मोजणं चालू आहे, सारखं विचारू नका. चौथ्या महिन्यात ते लेथजवळच कोसळले. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी आकडे हाती आले. न्यूटन तंतोतंत, जास्तीचं काही नाही. सर म्हणाले, हाही निकालच आहे, इतक्या जवळही नियम टिकतो हे तू दाखवलंस. थिसिस झाला, पदवी मिळाली.

नातेवाईक हळहळतात, निकाल कळायच्या आधीच गेले बिचारे. मी मान हलवते. पण बाबा निकाल विचारतच नव्हते, गोळ्यांबद्दल विचारत होते. आणि नवे गोळे हातात आले त्याच संध्याकाळी मी ते तपासून घेतले होते. एक कण लोखंड नव्हतं त्यांत. हे बाबांना सांगितलं नाही. झुरू देत थोडे, असं वाटलं होतं मला.