मोठ्या डॉक्टरीणबाईंना डावा हात

मळवली स्टेशनजवळ माझा दवाखाना आहे. इथे बसून मी ताप पाहिले, जुलाब पाहिले, विंचू चावलेले आणि लेण्यांच्या पायऱ्यांवरून घसरलेले पाहिले, पण कातडीने मला कधी दाद दिली नाही. फॅमिली डॉक्टर कातडीचं काय करतो ते मी सांगतो. एक मलम देतो. त्याने बरं वाटलं नाही तर दुसरं देतो. तिसऱ्या खेपेला पेशंट कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्यापुरता प्रश्न मिटतो.

त्यामुळे आमच्या डॉक्टरांच्या संघटनेने पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची ऑनलाइन सोय केली, तेव्हा मी मीटिंगमध्ये भरपूर कुरकुर केली आणि घरी येऊन सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं. आपण दवाखान्यातल्या टॅबवर फोटो काढायचे, दोन ओळी माहिती लिहायची आणि पाठवून द्यायचं. बाई संध्याकाळपर्यंत उत्तर देत. अगदीच अडलं तर व्हिडिओ कॉल. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मला 'सर' म्हणायच्या, आणि एकदा 'सर' म्हणून झालं की माझं निदान कुठे चुकलंय ते गोड आवाजात सांगायच्या.

लेण्यांच्या पायथ्याच्या भाजे गावातली मावशी याच सुमारास आली. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्या लोकांना ती घराच्या अंगणात चूल मांडून पिठलं, भाकरी आणि ठेचा खाऊ घालते. तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं फुटली होती. सालपटं निघत होती, भेगांतून रक्त यायचं. मी एक मलम दिलं. मग दुसरं दिलं. तिसऱ्या खेपेला ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली नाही, हीच पंचाईत झाली. ती माझ्यासमोरच येऊन बसली.

"डाक्टर, ह्ये दुसऱ्याला लागतं का, तेवडं सांगा."

तिच्याकडे जेवायला पाहुणे पाठवणाऱ्या बंगलेवाल्याने निरोप धाडला होता, की हात बरा होईस्तोवर कुणाला पाठवणार नाही. मी म्हटलं, जाऊ दे, दोन शनिवार बुडतील. तर ती म्हणाली, "त्याचं काय न्हाई वो. सून नातीला माज्या हातचा घास घिऊ देत न्हाई. तोंडानं काय म्हनत न्हाई. पोर माज्याकडं आली की उचलून आत नेती."

मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. हे लागण होणारं नसावं असं मला जवळजवळ वाटत होतं, पण 'जवळजवळ' सुनेला जाऊन सांगता येत नाही. मी आमच्या सिस्टरना सांगितलं, मावशीच्या हाताचे फोटो काढा, पुण्याला पाठवू.

फोटो म्हटल्यावर मावशी उठलीच. उद्या येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हिरव्या बांगड्या भरून आणि हाताला हळद-तेल चोपडून. मोठ्या डॉक्टरीणबाई बघणार म्हणजे हात कसा नीटनेटका दिसायला हवा. बाहेर गर्दी होती. सिस्टरनी फोटो काढला, मी न बघता पाठवून दिला. संध्याकाळी उत्तर आलं: "सर, पेशंटला कावीळ आहे का?"

मी मावशीला निरोप दिला की हाताला काहीही लावायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. ती परत आली, हात राखेने घासून लखलखीत केलेला. पुन्हा फोटो, पुन्हा मी पाठवला. उत्तर आलं: "सर, हात अगदी निरोगी दिसतोय. बांगड्या फार छान आहेत."

माझं डोकंच फिरलं. मी सिस्टरना दहा मिनिटं ऐकवलं की पुण्यात बसून कातडी कळत नसते, त्याला समोर माणूस लागतो, बोट लावून बघावं लागतं. सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी टॅब माझ्यापुढे धरला. फोटोत उजवा हात होता. दोन्ही दिवशी उजवाच.

"मी म्हटलं, मावशी, हात दाखवा. त्यांनी दाखवला," सिस्टर म्हणाल्या.

मग व्हिडिओ कॉल ठरला. आमच्याकडे नेटवर्क फक्त ओसरीवर येतं, आणि ओसरीवर पेशंट बसतात. त्यामुळे मावशीचा हात बघायला पुण्याच्या बाई आणि निम्मं भाजे एकदमच जमले. हे तिला चालेल का, असं मी विचारलं. "बगू द्या की," ती म्हणाली, "न्हाईतरी सगळ्यास्नी ठावंच हाय."

"नमस्कार मावशी," बाई पडद्यावरून म्हणाल्या. "काय काम करता तुम्ही?"

"काय न्हाई. घरीच असते."

ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. दिवसभर भातलावणी करून आलेली बाईसुद्धा इथे हेच उत्तर देते. मी मध्ये तोंड घालून पिठल्याचं, भाकऱ्यांचं सगळं सांगून टाकलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं काहीतरी चव्हाट्यावर मांडलं होतं.

"बरं, हात दाखवा," बाई म्हणाल्या.

उजवा हात पुढे आला.

"मावशी, दुखतो तो दाखव," मी म्हटलं.

तिने डावा हात पदराखाली घेतला. "डाक्टर, पयल्यांदाच भेट होतीय. एवड्या मोठ्या बाई. त्यास्नी डावा हात कसा दाखवू?"

"बरोबर हाय तिचं," कोपऱ्यातले एक आबा म्हणाले. ते खोकल्यासाठी आले होते, पण आता खोकत नव्हते.

"अगं, हात दाखवायचाय. प्रसाद नाही वाटायचा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मानतो. त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला. त्यात पेन होतं. "मावशी, मी डावखुरी आहे. मी सगळं ह्याच हाताने करते. तुम्ही खुशाल दाखवा."

मावशीने जरा विचार केला. मग डाव्या कोपराला उजवा हात लावून तिने तो हळूच पुढे केला. "डावा हात हाय हं, बाई. राग मानू नगा."

बाईंनी हात टॅबच्या जवळ आणायला लावला. फुटलं होतं ते अंगठ्याचं, त्याच्या शेजारच्या बोटाचं आणि मधल्या बोटाचं टोक. बाकीची दोन बोटं स्वच्छ. "मावशी, तुम्ही लसूण पुष्कळ सोलता का?"

आबांनी टॅबला हात जोडले.

"तुमास्नी कुनी सांगितलं?" मावशीने विचारलं.

कुणीच नाही. पाकळी डाव्या हाताच्या त्या तीन बोटांत धरायची आणि उजव्याने सोलायची, म्हणजे रस सारखा तिथेच लागतो. ठेच्यासाठी मावशी टोपलीभर लसूण सोलते. हे मीसुद्धा कधीतरी पुस्तकात वाचलं होतं. ते मला त्या ओसरीवर आठवलं, बाईंनी सांगितल्यानंतर. नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू?

"दुसऱ्याला लागतं का?" मावशीने विचारलं.

"अजिबात नाही. नातीला खुशाल भरवा. फक्त लसणाला हात लावायचा नाही. हातमोजे घालूनही नाही, रस त्यातूनही आत जातो. दुसऱ्या कुणाला तरी सोलू द्या."

कॉल संपता संपता आबा पुढे सरकले. त्यांची शेळी परवापासून सापडत नव्हती, तेवढं बाईंना विचारायचं होतं. मी टॅब बंद केला.

मावशी मात्र उठली नाही. "तुमी सांगितलं, बाईंनी सांगितलं," ती म्हणाली. "आता घरी कोन सांगनार?"

म्हणून त्या शनिवारी मी दवाखाना बंद ठेवून भाज्याला जेवायला गेलो. मावशीचा नवरा गोठ्यापाशी बसून लसूण सोलत होता आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्यावर असा अन्याय होतोय, असा चेहरा करून होता. बंगलेवाला चार पाहुण्यांना घेऊन कुंपणापाशी घुटमळत होता, बसावं की नको या विचारात. सून दारात उभी, कडेवर नात.

मी अगदी चुलीसमोर बसलो. मावशीचा उजवा हात पिठाने भरलेला होता. तिने डाव्या हाताने चिमट्यात भाकरी धरून पुढे केली.

"चिमटा ठेव. हातात दे," मी मोठ्याने म्हटलं.

"डावा हात हाय, डाक्टर."

"माहीत आहे. त्याच हाताचं खायला आलोय."

तिने भाकरी माझ्या हातावर ठेवली. बोटं अजून फुटलेलीच होती. मी तुकडा मोडून ठेच्याला लावला आणि खाल्ला. ठेच्यात लसूण अगदीच कमी होता, नवऱ्याने कामचुकारपणा केलेला दिसत होता, पण मी दुसरी भाकरी मागून घेतली. पाहुणे येऊन बसले.

नात कडेवरून घसरून खाली उतरली आणि चुलीकडे धावली. येऊन आजीपुढे तिने तोंड उघडलं. मावशीने पिठाचा हात पदराला पुसला, भाकरीचा बारकासा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून दाराकडे बघत राहिली.

सून जागची हलली नाही. "भरवा की, आत्या," ती म्हणाली. "गार हुतीय."